वेळापत्रक वाचायला शिका

थंडी पडू लागली आणि शेतातील तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की आपल्या वाशीम जिल्ह्यातील गावोगावच्या घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ज्या घरी दहावीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असते, तेथे येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "परीक्षा केव्हा आहे?" कोणी उत्तर देतो, "मार्चमध्येच असते की!" दुसरा म्हणतो, "छे, यंदा फेब्रुवारीतच उरकणार आहेत, असे मी बाजारात ऐकले." तिसरा खिशातून मोबाइल काढतो आणि कोणीतरी कोणाला पाठवलेले एक वेळापत्रक सर्वांपुढे धरतो. त्यावर ना सही, ना शिक्का, ना वर्षाचा पत्ता. घटकाभर वाद रंगतो. मग मंडळी चहा घेऊन आपापल्या कामाला निघून जातात. दहावीतली ताई मात्र गोंधळून सर्वांच्या तोंडाकडे पाहत राहते. परीक्षा तिची, पण तारखा मात्र ज्याला जशा सुचतील तशा!

मुलांनो, तुम्ही आज सहावीत, सातवीत किंवा आठवीत आहात. दहावीची परीक्षा अजून दूर आहे. तिच्या वेळापत्रकाशी आपला काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. पण संबंध आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या एखादा दादा किंवा ताई त्या परीक्षेस बसेल. त्या वेळी घरात नीट वाचणारे दोन डोळे अधिक असले, तर त्यांचा आधारच होईल. शिवाय तीन-चार वर्षांनी तुमची स्वतःची पाळी येणार आहे. वेळापत्रक वाचणे ही एक लहानशी विद्याच आहे आणि ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात साधत नाही. तिची सवय आधीपासून लावून घ्यावी लागते. माझे मत थोडक्यात असे आहे: वेळापत्रक अधिकृत असेल तेच मानावे, ते दुसऱ्याकडून न ऐकता स्वतः वाचावे, आणि त्यातील तारखांपेक्षा तारखांच्या मधले दिवस अधिक लक्षपूर्वक पाहावेत. असे मत मी का बनवले, ते आता क्रमाने सांगतो.

ऐकीव आणि लेखी यांतील भेद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. सोळाशे वर्षांपूर्वी येथे वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची राजधानी होती. त्या वंशातील दुसरा विंध्यशक्ती या राजाचा एक ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे सापडला. एक गाव दान दिल्याची आज्ञा त्या ताम्रपटावर कोरलेली आहे. राजाने ही आज्ञा नुसती तोंडाने सांगितली असती, तर ती त्याच दिवशी पाळली गेली असती; परंतु पुढे काय झाले असते? एकाने दुसऱ्यास सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्यास सांगावे, आणि प्रत्येक वेळी एखादा शब्द गळावा किंवा नवा जोडला जावा, हे ठरलेलेच आहे. म्हणून आज्ञा तांब्याच्या पत्र्यावर कोरली. ती कोणी दिली, कोठून दिली, राज्याच्या कितव्या वर्षी दिली, हे सारे त्यात नमूद केले. ते वर्ष राजाच्या कारकिर्दीचे ३७ वे होते, ही गोष्ट आज आपणही सांगू शकतो, ती त्या लेखामुळेच. अधिकृत कागदाची लक्षणे तेव्हा जी होती, तीच आजही आहेत. कागद कोणी काढला, केव्हा काढला आणि कशासाठी काढला, या तीन प्रश्नांची उत्तरे जो कागद स्पष्ट देतो, त्यावर विश्वास ठेवावा. जो देत नाही, तो कितीही सुबक दिसला तरी बाजूला ठेवावा.

आता दहावीच्या वेळापत्रकाचा कागद कोण काढते, ते पाहू. ही परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. हे मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय पुण्यास असून त्याच्या हाताखाली नऊ विभागीय मंडळे आहेत. आपला वाशीम जिल्हा पूर्वी अकोला जिल्ह्याचा भाग होता. १ जुलै १९९८ रोजी तो वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. या सहाही तालुक्यांतील शाळा अमरावती विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे जिल्हेही त्याच विभागात आहेत.

मंडळ आधी संभाव्य वेळापत्रक जाहीर करते. त्यावर शिक्षकांच्या व पालकांच्या सूचना येतात. त्यांचा विचार झाल्यावर अंतिम वेळापत्रक निघते. ते मंडळाच्या संकेतस्थळावर येते आणि छापील रूपाने शाळांकडेही पोहोचते. मंडळ दरवेळी एक गोष्ट बजावून सांगते: परीक्षेपूर्वी शाळेला मिळणारे छापील वेळापत्रकच अंतिम समजावे, दुसऱ्या कोणी छापलेले किंवा मोबाइलवरून फिरणारे वेळापत्रक ग्राह्य धरू नये. 'संभाव्य' आणि 'अंतिम' हे दोन शब्द तुम्ही आजच मनात पक्के करून ठेवा. संभाव्य म्हणजे बदलू शकेल असे. त्यावरून अभ्यासाला लागावे. पण परीक्षेला निघावे ते अंतिम वेळापत्रक पाहूनच.

काही जण विचारतील, एवढा काटेकोरपणा कशाला? प्रत्येक शाळेने आपल्या सोयीने परीक्षा घेतली तर काय बिघडले? थोडा विचार केला म्हणजे याचे उत्तर सापडते. या परीक्षेला एका वर्षी राज्यभरातून सुमारे १६ लाख मुले-मुली बसतात. रिसोडच्या मुलापुढे जी प्रश्नपत्रिका येते, तीच मुंबईच्या मुलापुढे येते. ती दोघांच्या हाती एकाच वेळी पडली पाहिजे. एखाद्या गावी ती तासभर आधी उघडली, तर तेथील प्रश्न क्षणात दुसरीकडे पोहोचतील आणि ज्याने प्रामाणिकपणे अभ्यास केला त्याच्यावर अन्याय होईल. शिवाय आपल्या राज्यात मुले मराठीतून शिकतात, तशी उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड आदी भाषांतूनही शिकतात. कोणाचेही दोन विषय एकाच वेळी येऊ नयेत, अशा बेताने त्या सर्वांचे पेपर मांडावे लागतात. तेव्हा वेळापत्रक म्हणजे केवळ तारखांची यादी नव्हे. सर्वांना सारखे मापण्याची ती एक व्यवस्था आहे.

मला तर या कागदाचे आणखी एक मोल वाटते. समजा, मानोरा तालुक्यातील एखाद्या दूरच्या तांड्यावर राहणारी एक मुलगी दहावीला बसणार आहे. तिच्या घरात यापूर्वी कोणी दहावीपर्यंत पोहोचलेले नाही. तिला शिकवणी नाही, अभ्यासाला वेगळी खोली नाही, वाट दाखवणारा मोठा भाऊ नाही. शहरातील एखाद्या मुलाजवळ यांपैकी सारे काही आहे. तरीसुद्धा वेळापत्रकाचा कागद दोघांना एकच मिळतो आणि त्यासाठी एक पैसाही पडत नाही. ज्या थोड्या गोष्टी या दोघांना अगदी सारख्या मिळतात, त्यांपैकी ही एक आहे. आता त्या मुलीने हा कागद स्वतः न वाचता वाटेवरच्या बातमीवर विसंबून राहावे काय? ज्याच्याजवळ इतर साधने थोडी, त्याने हाती असलेल्या साधनाचा पुरता उपयोग करावा, यातच शहाणपण आहे.

जुन्या वेळापत्रकाचा मोह हाही एक धोका असतो. "गेल्या वर्षी इतिहासाचा पेपर अमक्या तारखेला होता, यंदाही तेव्हाच असेल," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी 'शकुंतला' नावाची अरुंद रुळांची लहानशी गाडी तुमच्या आजोबांनी पाहिली असेल. गेली काही वर्षे ती बंद आहे. आता एखाद्या गृहस्थाने तिचे जुने वेळापत्रक हाती घेऊन कारंज्याच्या फलाटावर उभे राहावे आणि गाडी येत नाही म्हणून रागवावे, तर त्याला आपण काय म्हणू? त्याच्या हातातील कागद खोटा नव्हता. तो एके काळी खराच होता. पण त्याचा काळ संपला होता. गेल्या वर्षीच्या परीक्षेचे वेळापत्रक असेच असते. ते आपल्याला रीत शिकवते, पण तारीख सांगू शकत नाही. म्हणून वेळापत्रक हाती आले की पहिली नजर वर्षावर टाकावी आणि मगच खाली वाचावे.

अधिकृत कागद मिळाला, वर्ष तपासले, तारखा वहीत उतरवल्या. पुष्कळांना वाटते की काम संपले. माझ्या मते खरे वाचन येथून सुरू होते. रीत समजावी म्हणून आपण एक झालेले वेळापत्रक पाहू. २०२५ साली दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च या काळात झाली. मराठी माध्यमातून हिंदीसह नेहमीचे विषय घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला त्या काळात नऊ पेपर द्यायचे होते. २१ फेब्रुवारीला मराठी, १ मार्चला इंग्रजी आणि ३ मार्चला हिंदी. मग ५ आणि ७ मार्चला गणिताचे दोन भाग, १० आणि १२ मार्चला विज्ञानाचे दोन भाग. शेवटी १५ मार्चला इतिहास व राज्यशास्त्र आणि १७ मार्चला भूगोल.

आता पाटी-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा. २१ फेब्रुवारीपासून १७ मार्चपर्यंत, दोन्ही दिवस धरून, २५ दिवस होतात. त्यांतून पेपरचे ९ दिवस वजा केले, म्हणजे १६ दिवस मोकळे राहतात. "सोळा दिवस! मग काय चिंता? त्यात सारा अभ्यास होईल," असे आळशी मन लगेच म्हणते. पण हे सोळा दिवस कसे वाटले गेले आहेत, ते पाहा. मराठी आणि इंग्रजी यांच्यामध्ये ७ दिवस आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मे मोकळे दिवस पहिल्या पेपरनंतरच संपून जातात. बीजगणितापूर्वी १ दिवस, भूमितीपूर्वी १ दिवस, विज्ञानाच्या पहिल्या भागापूर्वी २ दिवस आणि दुसऱ्या भागापूर्वी १ दिवस. इतिहासापूर्वी २ दिवस होते खरे. पण त्यांतील एक दिवस १४ मार्चचा, म्हणजे धुळवडीचा होता. गल्लीत रंगांची पिचकारी उडत असताना, दारात मित्र हाका मारीत असताना, पुस्तक उघडून बसणे किती कठीण, हे तुम्ही जाणताच.

या हिशेबातून एक धडा मिळतो, आणि या सबंध लेखात मला तोच मुख्यतः सांगायचा आहे. पेपरांमधील मोकळे दिवस हे उजळणीसाठी असतात. पहिल्या वाचनासाठी नव्हे. ज्याने भूमितीची प्रमेये वर्षभरात समजून घेतली आहेत, त्याला आदल्या दिवशी ती एकदा चाळली की पुरते. ज्याने ती कधी उघडलीच नाहीत, त्याला तो एक दिवस तर काय, एक आठवडाही पुरणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वडीलधारे म्हणतात. आपल्या काळ्या रानात विहीर खणणाऱ्याला ठाऊक असते की, चार दिवसांत पाणी लागत नाही. अभ्यासाचे पाणीही तसेच खोल असते.

वेळापत्रकात न दिसणारी आणखी एक गोष्ट या वाचनात ध्यानात येते. २०२५ च्या लेखी परीक्षेपूर्वी, ३ ते २० फेब्रुवारी या काळात, शाळांमध्ये तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा व अंतर्गत मूल्यमापन झाले. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी २० गुण अशा कामासाठी असतात. म्हणजे परीक्षा २१ तारखेला सुरू झाली असे जरी आपण म्हटले, तरी खरोखर ती १८ दिवस आधीच सुरू झाली होती. ज्याची प्रयोगवही अपुरी राहिली, त्याचे शेवटचे दिवस वही पूर्ण करण्यात गेले आणि मराठीच्या उजळणीसाठी त्याच्याजवळ वेळच उरला नाही. म्हणून लहान वाटणारी कामे वेळच्या वेळी उरकावीत. तीच पुढे मोठ्या कामाची वाट अडवतात.

वेळेच्या घरातही बारकाईने पाहावे. भाषेचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचा प्रत्येक भाग ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे आधी मिळत असे. २०२३ च्या परीक्षेपासून ती पद्धत बंद झाली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून देण्यात आली. ज्याने जुन्या सवयीने तयारी केली, त्याला हा बदल परीक्षेच्या खोलीत कळला असेल. ज्याने सूचना वाचली होती, तो शांत राहिला असेल. दोघांचा अभ्यास सारखा असला, तरी शांत मनाने लिहिणारा अधिक चांगले लिहितो, हे सांगायला नको.

आता यावरून स्वतःच्या अभ्यासाचे वेळापत्रक कसे करावे? मी एक साधी रीत सुचवतो. शेवटच्या पेपरपासून उलट मोजत यावे. ज्या पेपरच्या आधी एकच मोकळा दिवस आहे, त्यावर खूण करावी. तो विषय सर्वांत आधी पूर्ण करावा. ज्याच्या आधी अधिक दिवस आहेत, तो थोडा मागे राहिला तरी चालेल. जो विषय आपल्याला जड जातो, त्याला सकाळची ताजी वेळ द्यावी. आठवड्यातून एक दिवस रिकामा ठेवावा, कारण ताप येतो, पाहुणे येतात, वीज जाते. ज्या वेळापत्रकात अशा अडचणींना जागाच नसते, ते पहिल्याच आठवड्यात मोडते आणि मग ते करणाऱ्याचे मनही मोडते. तुम्ही ही रीत दहावीची वाट न पाहता यंदाच्या घटक चाचणीला आणि सत्र परीक्षेला लावून पाहा. त्यात चूक झाली तरी हानी थोडी होते आणि शिकायला पुष्कळ मिळते.

या कामी घराचाही वाटा आहे. आपल्याकडे हरभऱ्याची सोंगणी आणि गव्हाची कापणी नेमकी परीक्षेच्या सुमारास येते. शेत थांबत नाही आणि मजूर मिळत नाहीत, ही आईवडिलांची अडचण खरी आहे. मुलांनी घरच्या कामात हात लावू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्या हातांनी आपल्याला वाढवले, त्या हातांना मदत करणे हेही शिक्षणच आहे. परंतु घरात जशी पेरणीची व सोंगणीची चर्चा होते, तशीच पेपरांच्या तारखांचीही व्हावी. वेळापत्रकाची एक प्रत भिंतीवर कालनिर्णयाशेजारी लावावी. वडिलांना अक्षर लागत नसेल, तर तुम्ही ती मोठ्याने वाचून दाखवावी. "बाबा, ५ आणि ७ तारखेला ताईचे गणित आहे, त्या दोन दिवशी तिला शेतावर नेऊ नका, त्याऐवजी रविवारी मी येतो," एवढे म्हणायला तुम्ही काही लहान नाही. परीक्षेचे केंद्र दुसऱ्या गावी असेल, तर तेथे अर्धा तास आधी पोहोचण्यासाठी कोणती एस. टी. धरावी लागेल, ती चुकली तर कोणाची गाडी मिळेल, हे आदल्या दिवशी नव्हे, तर आठवडाभर आधी ठरवावे. अशा साध्या बोलण्यातून घरातील पुष्कळ ताण नाहीसा होतो.

माझ्या या मताला दोन आक्षेप घेतले जातील, हे मी जाणतो. पहिला असा की, "तारखा आणि तक्ते यांच्या मागे लावून तुम्ही मुलांची यंत्रे बनवता; विद्या ही आनंदाने मिळवायची गोष्ट आहे." विद्या आनंदाने मिळवावी, हे मलाही मान्य आहे. पण धास्ती आणि आनंद एका मनात राहत नाहीत. काय केव्हा करायचे हे ज्याला ठाऊक नाही, तो सारा दिवस पुस्तकापुढे बसून सारा दिवस घाबरलेला असतो. ज्याने आजचे काम ठरवून पुरे केले, तो संध्याकाळी निर्धास्तपणे कबड्डी खेळू शकतो. वेळापत्रक आपला खेळ हिरावून घेत नाही. उलट तेच आपल्याला खेळायची मोकळीक देते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "अधिकृत वेळापत्रकसुद्धा बदलते, मग त्यावर भरवसा कसा ठेवावा?" ही गोष्ट घडलेली आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. २०२० साली कोरोनाची साथ आली. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्द झाला; इतर विषयांतील गुणांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, दहावीची लेखी परीक्षाच होऊ शकली नाही. मग निकाल कशावरून लागला? १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून आणि उरलेले ५० दहावीच्या वर्षातील शाळेतल्या कामावरून देण्यात आले. "नववीला कोण विचारतो, दहावीत पाहू," असे म्हणत ज्यांनी नववीचे वर्ष दवडले होते, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करा. ज्यांनी रोजचा अभ्यास रोज केला होता, त्यांचे मात्र काही बुडाले नाही.

म्हणून या दुसऱ्या आक्षेपातून मी वेगळाच अर्थ काढतो. वेळापत्रक माणसांनी केलेले असते, आणि मोठे संकट आले तर ते माणसांना बदलावे लागते. अशा वेळी बदलाची खरी बातमीसुद्धा अधिकृत जागीच मिळते. अफवा तर त्या दिवसांत दुप्पट वेगाने धावतात. आणि तारखा बदलल्या तरी केलेला अभ्यास बदलत नाही. तारीख कोणी पुढे ढकलील, कोणी रद्द करील. पण समजलेले गणित कोणाला रद्द करता येत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगतो. वेळापत्रक पाहून पुरी तयारी करूनही एखाद्याला अपयश येऊ शकते. आजार, भीती, घरातील दुःख, यांपैकी काहीही आड येऊ शकते. अशा विद्यार्थ्यासाठी मंडळ त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेते आणि तिचेही वेळापत्रक काढते. म्हणजे पहिल्या कागदाने एक दार बंद केले, तर दुसरा कागद दुसरे दार उघडतो. ज्या घरी असे घडेल, तेथे कोणी त्या मुलाला टोचून बोलू नये. त्याच्या हाती तो दुसरा कागद द्यावा आणि त्याच्याजवळ बसून दिवस मोजायला मदत करावी.

मुलांनो, पुढच्या थंडीत तुमच्या घरी किंवा शेजारी पुन्हा तीच चर्चा रंगेल. कोणी मार्च म्हणेल, कोणी फेब्रुवारी म्हणेल, कोणी मोबाइल पुढे करील. तेव्हा वाद घालीत बसू नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जा, सूचनाफलकावरचे छापील वेळापत्रक शोधा, त्यावरचे वर्ष पाहा, ते अंतिम आहे की संभाव्य हे गुरुजींना विचारा आणि स्वच्छ अक्षरात वहीत उतरवून घरी आणा. मग ताईजवळ बसा आणि दोघे मिळून मधले दिवस मोजा. तारखा मंडळाने ठरवलेल्या असतात. त्यांत आपल्याला फरक करता येत नाही. पण दोन तारखांच्या मधले दिवस आणि त्या तारखांच्या आधीचे सारे महिने हे आपले असतात. ते कसे खर्च करायचे, हे दुसरे कोणीही आपल्यासाठी ठरवू शकत नाही.